नाव उचलणार कोण?

सालेकसा तालुक्यात हौसेसाठी नाव घेणारा माणूस माझ्या पाहण्यात तरी आजवर आला नाही. लोकांनी मासोळीसाठी नाव घेतली, शिंगाड्यासाठी घेतली, नदी उतरायला घेतली. पण रविवारी पोराबाळांना बसवायचं, डबा बरोबर घ्यायचा आणि गळ टाकून दुपार घालवायची, यासाठी नाव हे नवंच. ते आमच्याच घरात निघालं. माझा भाचा गोंदियाला नोकरीत आहे. त्याला अ‍ॅल्युमिनियमची छोटी मासेमारी नाव घ्यायची आहे आणि दोन नावांपाशी त्याचं घोडं अडलंय. एक बारा फुटी, सपाट बुडाची. दुसरी चौदा फुटी, तोंडाशी निमुळती, बुडाला धार असलेली. दोन्हींची चित्रं मोबाइलवर पाठवून तो विचारून राहिला, "मामाजी, तुम्ही पत्र्यातले. सांगा ना."

पत्र्यातला मी आहे खरा. वडिलांनी पत्र्याच्या पेट्या, धान्याच्या कोठ्या आणि पन्हाळी करायचं दुकान टाकलं, ते पुढं मी चालवलं. पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर पत्र्यापासून सुरू होत नाही. ते पाण्यापासून सुरू होतं, आणि त्याच्याही आधी, ते पाणी कोणाच्या मालकीचं होतं तिथून.

आमच्या झाडीपट्टीतलं पाणी बरंचसं बांधलेलं. चांद्याच्या गोंड राजांच्या काळापासून जो तलाव बांधेल त्याला त्याखालची जमीन, असा व्यवहार चालत आला. कोहळी समाजानं या कामात नाव काढलं. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळीनं बांधला असं आजही सांगतात. पुढं मालगुजारांच्या, म्हणजे सरकारला सारा भरणाऱ्या गावमालकांच्या, काळात गावोगाव तलाव झाले. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत, आणि सरकारी कागदावर त्यांना माजी मालगुजारी म्हणतात म्हणून लोकांच्या तोंडी ते झाले मामा तलाव. हे सगळे धानासाठी बांधलेले. दोन टेकड्यांमधल्या उतारावर मातीची पाळ घातली की मागं पाणी पसरतं. ते पसरतं, खोल फारसं होत नाही. पाळीजवळ पुरुषभर, दीड पुरुष. मागं सरकत जावं तसं छातीएवढं, कमरेएवढं, शेवटी पोटरीएवढं. धानाला पाणी सुटलं की तेही ओसरतं.

अशा पाण्यात नाव कशाला लागते? बहुतेक वेळा लागतच नाही. आमचा धिवर पाण्यात चालत मासे धरतो. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जो मोठा ग्रंथ काढला, त्यात धीमरांच्या, म्हणजे आमच्या धिवरांच्याच, पोटशाखांची यादी आहे. शिंगाडा पिकवणारे सिंगारिया, झिंगे धरणारे झिंगा, गळ टाकणारे बंसिया, अंबाडी-तागाचे दोर वळणारे बंधैया. जात्याला टाकी लावणारेसुद्धा त्यात आहेत. एकाच समाजाची पोटं इतक्या कामांवर चालत होती. यादी वाचताना मला जाणवतं की यातल्या निम्म्या कामांना पाणी लागतं, पण नाव लागेलच असं नाही.

जिथं लागली तिथं डोंगा. एका झाडाच्या खोडातून कोरलेला. सावर हलकी, कोरायला सोपी, पण लवकर कुजते. आंबा बरा. कहू, म्हणजे अर्जुन, टिकतो पण जड आणि वासल्याची धार खातो. खोड आडवं पाडायचं, वरचा भाग कुऱ्हाडीनं सपाट करायचा, मग वासल्यानं पोट काढत जायचं. बुडाला जाडी जास्त ठेवायची, बाजूंना कमी. बूड जड राहिलं की डोंगा पाण्यात नीट बसतो, नाहीतर बसणाऱ्यानं कूस बदलली तरी उलटतो. हे मी स्वतः केलेलं नाही. आमच्या दुकानात पत्रा घ्यायला येणाऱ्या एका म्हाताऱ्या धिवरानं बिडी ओढत ओढत सांगितलेलं आहे. त्यानंच एक गोष्ट अशी सांगितली की मला ती फार आवडली. उन्हाळ्यात डोंगा उन्हात ठेवायचा नाही, तडकतो. त्यात दगड भरून तो पाण्यातच बुडवून ठेवायचा आणि पाऊस पडला की वर काढायचा. म्हणजे नाव सांभाळायची ती बुडवून!

डोंग्याचा दुसरा गुण किंवा दोष म्हणजे वजन. तो ज्या पाण्यात उतरला त्याच पाण्यात मरायचा. बैलगाडीवर घालून दुसऱ्या तलावाला न्यायचा तर पाच-सहा माणसं लागायची, आणि धिवराकडं उचलायला पाच-सहा माणसं मोकळी कधी असतात? तलाव मालगुजाराचा, झाडही मालगुजाराच्या रानातलं. झाड मागायला जायचं ते मासोळी घेऊन जायचं, असं वडील सांगत. डोंगा धिवराच्या हातचा असला तरी त्याचं लाकूड आणि त्याखालचं पाणी दोन्ही दुसऱ्याचं.

नदीवरचा हिशेब वेगळा. बाघ नदी आमच्या भागातून उत्तरेला जाऊन वैनगंगेला मिळते. पावसाळ्यात ती उतरायची तर डोंगाच. वैनगंगेवर दोन डोंगे शेजारी बांधून वर फळ्या टाकायचे, म्हणजे माल आणि जनावरंही पलीकडं जायची. इंग्रजांनी या उताराला कायदा लावला. १८७८ चा नॉर्दर्न इंडिया फेरीज अ‍ॅक्ट मध्य प्रांतालाही लागू होता. घाट ठरले, उताऱ्याचे दर ठरले, घाटांचे लिलाव होऊ लागले. त्याच सुमारास, १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला, नागपूर-छत्तीसगड रेल्वे आली आणि नंतर ती बंगाल नागपूर रेल्वेनं घेतली. सालेकसा आणि दरेकसा या आमच्या दोन स्टेशनांवरून आजही तीच वाट डोंगरगडाकडं जाते. रेल्वेला पूल लागतात, पुलांमागून रस्ते येतात, आणि पूल झाला की घाटाचा लिलाव कोण घेणार? नदीवरची नाव हळूहळू पावसाळ्यातली गरज उरली.

खरा मोड आला तो १९५१ ला. जमीनदारी-मालगुजारी रद्द करणारा मध्य प्रदेशचा कायदा १९५० चा, आणि ३१ मार्च १९५१ पासून तो अमलात आला. मालगुजाराचे तलाव सरकारचे झाले, रानही सरकारचं झालं. पाण्याचा ठेका पुढं मच्छीमार सहकारी संस्थांना मिळू लागला आणि धिवराला पहिल्यांदा कागदावर पाणी मिळालं. झाड मात्र गेलं. मालगुजाराला मासोळी देऊन झाड मागता येत होतं. जंगल खात्याला मासोळी कोण देणार, आणि दिली तरी घेणार कोण? डोंग्याच्या मापाचं जुनं खोड आता परवान्याशिवाय हलत नव्हतं. माझ्या मते डोंगा पाण्यावरून गेला तो यामुळं. नवीन नाव चांगली निघाली म्हणून नव्हे. पत्रा आला तो लाकूड अडल्यावर आला.

आणि पाणी बदललं म्हणूनही. बाघ प्रकल्पातली शिरपूर आणि पुजारीटोला ही धरणं १९७० च्या आसपास पूर्ण झाली, कालीसरार त्याच प्रकल्पातलं. हे पाणी मामा तलावासारखं नाही. खोल आहे, लांबवर पसरलेलं आहे, आणि बुडालेल्या रानाची खुंटं अजून खाली उभी आहेत. दुपारी वारा सुटला की पुजारीटोल्यावर लाट उठते. छातीएवढ्या पाण्यात चालत जाणाऱ्या माणसाला तिथं काही करता येत नाही. संस्थेनं रोहू-कतल्याचं बीज सोडलं, ते वाढलं, आता ते धरायला नाव पाहिजे. तेव्हा लोक आमच्या दुकानात आले.

वडिलांनी पत्र्याची पहिली डोंगी केली ती पेटीच्या हिशेबानं. जस्ताचा पत्रा, बावीस गेज, म्हणजे एक मिलिमीटरहून थोडा पातळ. दोन पत्रे शिवणीनं जोडायचे: कडा एकमेकीत दुमडायच्या आणि लाकडी मोगरीनं ठोकून बसवायच्या. शिवणीवरून कथलाची झाळ, झाळीवरून डांबर. काठाला बांबूची चीप किंवा लोखंडी सळई गुंडाळायची, नाहीतर काठ हाताला चिरतो आणि नाव मधेच मुडपते. आत दोन आडव्या फळ्या. त्या बसायला आहेत असं वाटतं, पण खरं काम बाजू फाकू न देण्याचं. बूड आम्ही सपाटच ठेवायचो. एक तर पत्रा वाकवून धार काढणं वेळखाऊ, आणि दुसरं म्हणजे धिवर नावेत उभा राहून जाळं फेकतो. सपाट बुडाच्या नावेत माणूस उभा राहू शकतो. धारेच्या नावेत उभं राहिलं की ती कुशीवर जाते.

या डोंगीचं सगळ्यात मोठं सुख वजनाचं होतं. दोन माणसं ती सहज उचलत, आणि एकटा माणूस पालथी करून डोक्यावर घेऊन पाळ उतरत असे. पहिल्यांदा असं झालं की धिवर आपली नाव या तलावावरून त्या तलावावर नेऊ लागला. ठेका बदलला तरी नाव त्याचीच. माझ्या लेखी हा बदल लहान नाही. दुखणं होतं ते बुडाचं. खुंटावर घासली की जस्ताचा थर जायचा, आणि जस्त गेलं की एक पावसाळा पुरे, पत्रा चाळणी. दरवर्षी आम्ही ठिगळं लावायचो. ठिगळाचा धंदा डोंगी विकण्याच्या धंद्याहून बरा चालायचा, हे खरं आहे.

पुढं ट्रकची ट्यूब आली. ट्यूबवर फळी बांधायची, वर बसायचं, हातानं किंवा पत्र्याच्या तुकड्यानं वल्हवायचं. मागाहून थर्माकोल आलं. यात सांगण्यासारखी कारागिरी काही नाही, पण आज तलावावर जा, बहुतेक माणसं त्याच्यावरच दिसतील. स्वस्त आहे, आणि फाटलं तर सायकलवाला पंक्चर काढून देतो.

आता अ‍ॅल्युमिनियम. हा धातू आमच्या घरात पाण्यावरून नव्हे, चुलीवरून आला. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये हेरू या दोघांनी, एकमेकांना न कळता, विजेनं हा धातू स्वस्तात काढायची एकच रीत शोधली. पाचच वर्षांनी, १८९१ ला, झुरिकच्या एशर व्हिस कारखान्यानं अ‍ॅल्युमिनियमची नाव पाण्यात सोडली. आपल्याकडं १८९८ पासून मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी याच धातूची भांडी करायला घेतली. तिकडं नाव, इकडं पातेलं. आमचा तालुका १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात होता, आणि भंडारा म्हणजे पितळेच्या भांड्यांचं गाव. त्या पितळेला घरातून काढलं ते या हलक्या जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, भांड्यांनी. माझ्या आईनं पितळेचा गुंड मोडीत देऊन जर्मनचा घेतला, कारण विहिरीवरून भरून आणताना मानेला फरक कळायचा. तिनं तिचा निवाडा वजनावर केला होता.

पाण्यावरची मोठी लाट आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, अमेरिकेत. ग्रुमन ही लढाऊ विमानं बांधणारी कंपनी. तिचे एक उपाध्यक्ष विल्यम हॉफमन १९४४ मध्ये डोंगरातल्या तळ्यांवर मासेमारीला गेले. एका तळ्यावरून दुसऱ्यावर जड नाव खांद्यावरून वाहून नेता नेता त्यांच्या मनात आलं की विमानाचा पत्रा याला का लावू नये. युद्ध संपता संपता विमानांच्या मागण्या आटल्या, पत्रा होता, रिबीट मारणारे हात होते. ग्रुमनच्या नावा बाजारात आल्या. ही हकीकत वाचली तेव्हा मला वडिलांची डोंगी आठवली. तिथले साहेब हौशी होते आणि आमचा धिवर पोटासाठी जात होता, पण दोघांना अडवत होता तो खांदाच.

गंमत अशी की हा धातू आम्हाला लांबचा नाही. आमच्याच रेल्वेवाटेनं पूर्वेला गेलं की चांप्याहून कोरब्याला फाटा फुटतो. तिथं १९६५ साली स्थापन झालेल्या बाल्कोचा अ‍ॅल्युमिनियमचा कारखाना आहे. तरी नाव मात्र आमच्याकडं आली नाही, आणि त्याचं कारण मला दुकानात बसून कळतं. लोखंडी पत्र्याला साधं वेल्डिंगचं मशीन आणि काडी पुरते. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्यावर हवेनं आपोआप चढणारा जो थर आहे तो दोन हजार अंशांच्या वर जातो तेव्हा वितळतो. त्यामुळं खालचा धातू वाहून जातो आणि वरची साय तशीच राहते. त्याला आर्गॉन गॅस, वेगळं मशीन आणि सरावलेला हात लागतो. असा हात आमच्या गावात नाही. तोच थर पाण्यापासून मात्र धातूला सांभाळतो, म्हणून ही नाव जस्ताच्या पत्र्यासारखी गंजून चाळणी होत नाही. एकाच गुणानं टिकतेही आणि दुरुस्तीला अडतेही.

भाच्याचा प्रश्न इथं येतो. आणि त्यात सहलीचा प्रश्नही आहे, कारण आमच्याकडं घरच्या लोकांनी पाण्यावर फिरणं ही सवयच नव्हती. माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेला गर्दी लोटते, पावसाळ्यात हाजरा फॉल पाहायला लोक येतात, पण तिथं पाणी लांबून पाहायचं. शिवाय नक्षलवाद्यांच्या दरेकसा दलमचं नाव ज्यांनी त्याच्या जोराच्या वर्षांत ऐकलंय, त्यांना ठाऊक आहे की दुपार कलली की रानातून घर गाठायचं असे. मुलांना धरणावर न्यायचा विचार आता कुठं लोकांच्या मनात येतोय. येऊ द्या. पण पाणी तेच आहे. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात नाव उलटून तरुण पोरं बुडाली. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ मिरची तोडायला निघालेल्या बायांची नाव वैनगंगेत उलटली. एक हौसेची, एक मजुरीची.

म्हणून मी त्याला आधी माणसं मोजायला लावली. अमेरिकेत छोट्या नावांसाठी एक सोपा आडाखा चालतो: लांबी आणि रुंदी फुटांत घ्या, गुणाकार करा, पंधरानं भागा. बारा बाय चार म्हणजे अठ्ठेचाळीस, भागिले पंधरा, तीन माणसं. चौदा बाय पाच म्हणजे सत्तर, चार माणसं. आणि हे संथ पाण्यावर. भाच्याच्या घरी तो, बायको, दोन मुलं, माझी बहीण आणि भाऊजी, असे सहा. बारा फुटीचा विषय इथंच संपतो.

राहिली चौदा फुटी, धारेची. लाट कापायला ती चांगली, मोटार लावली तर आणखी चांगली. पण हा माणूस वल्हवणार आहे, आणि नावेत मुलं आहेत. मुलं बसून राहत नाहीत. गळाला मासा लागला की दोघंही एकाच बाजूला धावणार. त्यामुळं मी म्हटलं, या दोन्हींपैकी कोणतीच नको. चौदा फूट लांब, पाच फूट रुंद, बूड सपाट, बाजू उंच, आणि बसण्याच्या पाट्यांखाली फोम भरलेला हवा. पाणी शिरलं तरी फोममुळं नाव तळाला जात नाही आणि काठ धरून राहता येतं. रिबीटची घेतली तर वर्षाला एकदा रिबीट तपासायचे, ढिले झाले की पाझरतात. वेल्डिंगची पाझरत नाही पण चीर गेली तर नागपूर गाठावं लागतं. पुजारीटोल्याच्या खुंटांकडं पाहता मी रिबीटची घेईन, कारण रिबीट मला मारता येतो. लोखंडी बोल्ट, तांब्या-पितळेच्या पट्ट्या तिला लावायच्या नाहीत; ओल्या जागी दोन धातू एकमेकांना चिकटले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. मे महिन्यात दुपारी तिच्यावर बसताही येणार नाही, तापलेला तवा बरा. तेव्हा पाट्यांवर लाकूड किंवा गोणपाट हवंच.

वजन शंभर किलोच्या आसपास भरेल. मी विचारलं, उचलणार कोण? गाडीच्या टपावर एकटा चढवणार नाहीस. तो म्हणाला, "धरणावरच ठेवू मामाजी." मग धरण कोणाचं ते परत आलं. पाणी जलसंपदा विभागाचं, मासोळीचा ठेका संस्थेचा. गळ टाकायचा तर संस्थेला विचारावं लागेल, नाव ठेवायची तर विभागाला. आणि मोटार लावली तर २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली नोंदणी आली. संस्थेतल्या माणसांशी मी बोलेन असं सांगितलंय. त्यातल्या काहींच्या बापांच्या डोंग्यांना आमच्या दुकानाची ठिगळं आहेत, चहा तरी पाजतील.

शेवटी राहिला सहा जणांचा प्रश्न. मी म्हटलं, दोन खेपा करा, आणि प्रत्येकाच्या अंगात जॅकेट, मुलांना मुलांच्या मापाचं. तेवढ्यात बहिणीनं फोन हिसकावून घेतला. "भाऊ, पहिल्या खेपेत तुम्ही बसा जी. मी काठावर झुणका टाकते. परत आलात तर दुसऱ्या खेपेचं पाहू."